विश्लेषण : न्यायमूर्तींनाच पकडून आणण्याचा ठराव झाला, तेव्हा सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी न्यायालयांनाही संयम का सांगितला?

समाजमाध्यमांवरील एखाद्या टीकेमुळे न्यायालयाचा अवमान झाला की नाही, असा वाद सुरू झाला की साठ वर्षांपूर्वीच्या एका मताचा दाखला अनेकदा दिला जातो. ते मत लिहिले होते साताऱ्यात जन्मलेल्या मराठी सरन्यायाधीशांनी.

कोण होते गजेंद्रगडकर?

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा. घर संस्कृत पंडितांचे. धारवाड आणि पुण्यात शिक्षण झाल्यावर १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगार कायद्यावरील त्यांचे निकाल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. १ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले आणि दोन महिने व्हायच्या आतच केशव सिंह प्रकरण त्यांच्यापुढे आले.

प्रकरण नेमके काय होते?

गोरखपूरच्या केशव सिंह यांनी इतरांसह एका आमदारावर भ्रष्टाचाराचा आरोप करणारे पत्रक काढले. उत्तर प्रदेश विधानसभेने हा सभागृहाचा अवमान ठरवला. समज देण्यासाठी आणले असता ते चक्क अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी निषेधाचे पत्रही लिहिले होते. सभागृहाने १४ मार्च १९६४ रोजी त्यांना सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली.

१९ मार्चला त्यांच्या वकिलाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाकडे धाव घेतली. न्या. नासिरुल्ला बेग आणि न्या. जी. डी. सहगल यांनी जामीन दिला. त्यावर विधानसभा इतकी खवळली, की दोन्ही न्यायमूर्ती, वकील आणि केशव सिंह या सर्वांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा ठराव तिने केला. हे न्यायमूर्ती स्वतःच याचिका घेऊन आपल्याच न्यायालयात गेले. २८ न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला.

गजेंद्रगडकरांनी काय ठरवले?

सात न्यायमूर्तींच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक असे मत दिले. बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले. जामीन देऊन न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही आणि त्यासाठी त्यांना बोलावण्याचा अधिकारही विधानसभेला नाही, असा त्याचा निष्कर्ष.

इथे थांबता आले असते. न्यायालयाची बाजू जिंकली होती. पण शेवटी त्यांनी अवमानाच्या अधिकाराचा मुद्दा काढला आणि सुरुवात केली ती स्वतःच्या घरापासून. हा अधिकार मोठा आहे, म्हणूनच तो जपून आणि विचारपूर्वक वापरावा. रागाच्या किंवा चिडीच्या भरात ऊठसूट वापरला, तर न्यायालयाची प्रतिष्ठा टिकण्याऐवजी कमी होऊ शकते, असे त्यांनी नोंदवले. आदर मिळतो तो निकालांच्या दर्जातून, निर्भय व निःपक्ष वागण्यातून, हा त्याचा आशय. विधिमंडळांनाही हेच लागू होते, असे त्यांनी पुढे जोडले. आपल्याच लोकांवर अन्याय झालेला असताना आधी त्यांनाच आवर घालणे सोपे नसते.

मग ते कायम टीकाकारांच्या बाजूने होते का?

तसे नाही. ३ मार्च १९६६ रोजी, निवृत्तीला दोन आठवडेही उरले नसताना, मिरजकर खटल्याचा निकाल आला. एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठात गजेंद्रगडकरांसह बहुमताने याचिका फेटाळली. न्यायालयाच्या अशा आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे ठरले. न्या. हिदायतुल्ला यांचे एकट्याचे मत वेगळे होते. वार्तांकन करणाऱ्याला आज तेच अधिक पटते.

निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि केशव सिंह? सर्वोच्च न्यायालयाच्या मतानंतर, मार्च १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. सभागृहाने त्यांना दिलेली शिक्षा कायम राहिली.