ज्याला गिटार वाजवता येत नव्हती

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या निजामपुऱ्यात शांतता म्हणजे काय, हे वीज गेल्यावरच कळते. सगळे माग एकदम थांबतात आणि मग भिंतीपलीकडे कोणाचे मूल रडते आहे, हेसुद्धा ऐकू येते. माझे वडील सव्वीस वर्षे यंत्रमागावर आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. थोरला भाऊ दहावीनंतर कारखान्यात गेला. दिवसपाळी संपली की तो एका बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पेटीवर तारा, त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारखी बटणे आणि खाली वीजवाहक पिकअप. हळदीला आणि गणपतीला याच्याशिवाय आमच्याकडे भागत नाही. काही सहाध्यायांना त्याचे हसू येते, हे मला ठाऊक आहे.

मागल्या हळदीच्या हंगामात ऐन कामाच्या दिवशी पार्टीच्या भोंग्याचे युनिट जळाले. माझे मामा रेडिओ, पंखे, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात ऑर्केस्ट्रातल्या एका बेस गिटारवाल्याने विकायला ठेवलेला बेसचा डबा होता. आत पंधरा इंची एकच स्पीकर. मामांनी वेळ निभवायची म्हणून बेंजोची वायर त्यात खुपसली. एरवी कानाला टोचणारा दादाचा बेंजो त्या डब्यातून असा काही भरदार, गोल आवाजात निघाला, की दादाने वाजवणे थांबवून डब्याकडेच पाहिले. डब्याचा मालक तेथेच होता. अमेरिकेत फेंडरच्या बेसच्या डब्याचेही असेच झाले होते, एवढे तो म्हणाला. फेंडर कोण, असे विचारल्यावर कंपनी आहे, असे त्याने सांगितले. मामांचे म्हणणे पडले, की एवढा शहाणपणाचा डबा करणारा आधी एखादा माणूसच असला पाहिजे. मामांचे खरे निघाले. त्या माणसाविषयी ग्रंथालयात आणि मोबाइलवर जे वाचायला मिळाले, त्यातून त्याचे चरित्र येथे माझ्या शब्दांत मांडतो आहे.

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर, ज्याला सगळे लिओ म्हणत, त्याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा बसवला गेला. पुढे मुलगा असतानाच तो सांता मारिया गावी आपल्या मामाकडे गेला. मामाचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते आणि तेथे मामाने सुट्या भागांपासून जोडलेला एक रेडिओ होता. त्याच्या कर्ण्यातून येणारा मोठा आवाज त्या मुलाच्या मनात कायमचा बसला. (मामा हा प्राणी सर्व देशांत सारखाच असावा.) घरी परतल्यावर एका कोपऱ्यात बसून तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

वीजशास्त्राचा वर्ग त्याने कधीच केला नाही. फुलर्टनच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकला ते हिशेबशास्त्र. शिक्षणानंतर एका बर्फ कारखान्याचा माल त्याने घरोघर पोचवला आणि पुढे तेथेच हिशेब लिहिले. याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने नाचाच्या कार्यक्रमांसाठी त्याच्याकडून ध्वनिवर्धक संच करून घेतले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की हिच्याशी त्याचे लग्न झाले. मग राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनिसाची नोकरी, ती गेल्यावर टायरच्या एका कंपनीत. तेथून सहाच महिन्यांत त्याला इतर हिशेबनिसांबरोबर कमी केले गेले. महामंदीचे दिवस होते. १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून तो गावी परतला आणि फुलर्टनमध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. टायर कंपनीने त्याला ठेवून घेतले असते तर तो चांगला हिशेबनीस म्हणून निवृत्त झाला असता, असे मला वाटते. नोकरी जाणे हे आमच्या वस्तीत कोणालाही इष्ट वाटत नाही, तेव्हा यातून मी कोणताही धडा काढीत नाही.

त्या दुकानात रेडिओबरोबर वाजवणारे लोक येऊ लागले. कोणाचा ध्वनिवर्धक बिघडलेला, कोणाच्या गिटारला पिकअप हवा. त्या काळचा रेडिओ काचेच्या वॉल्व्हवर चाले आणि गिटारचा ध्वनिवर्धकही त्याच वॉल्व्हवर. ज्याला एक उघडता येई त्याला दुसरा अवघड नव्हता. डॉक कॉफमन नावाच्या एका वादकाबरोबर लिओने मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाई पद्धतीच्या गिटारी आणि त्यांचे छोटे डबे बनवायला सुरुवात केली. कॉफमनला धंद्याची धास्ती वाटली आणि १९४६ साली तो बाजूला झाला. लिओने स्वतःच्या नावाने कारखाना काढला.

येथे मला सर्वात नवल वाटते ते सांगतो. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. आयुष्यभर आली नाही. ज्याच्या नावाची गिटार जगभर वाजवली गेली त्याला ती सुरात लावताही येत नसे, हे वाचून मी ते दोनदा तपासले. पण या उणिवेने त्याला एक सवय लावली. नवी वस्तू झाली की तो ती आसपासच्या नाचघरांतल्या वादकांच्या हाती देई, स्वतः ऐकायला जाई आणि त्यांच्या तक्रारी घेऊन परत येई. स्वतःला वाजवता आले असते तर त्याने स्वतःच्या हाताला रुचेल तेच बनवले असते. दुसरी सवय दुरुस्तीवाल्याची. त्याच्या गिटारीची मान चिकटवलेली नसे, स्क्रूने जोडलेली असे. खराब झाली की काढावी, दुसरी लावावी. डब्याचे पोटही सहज उघडता यावे असे. आपली वस्तू कधीतरी बिघडणारच हे धरून तो ती बनवी. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी हल्लीच्या डिंकाने बंद केलेल्या डब्यांविषयी जे उद्गार काढले, ते वार्षिकांकात छापता येणार नाहीत.

१९५० आणि १९५१ ही वर्षे त्याच्या आयुष्यातली मोठी. आधी अखंड लाकडाची विजेची गिटार आली, जिला पुढे टेलिकास्टर हे नाव मिळाले. आणि १९५१ साली प्रिसिजन बेस. तोवर वाद्यवृंदात खर्जाचे काम उभ्या डबल बेसकडे असे. माणसाहून उंच असे ते वाद्य मोटारीत मावत नसे आणि विजेच्या गिटारी व तुताऱ्या वाजू लागल्या की ऐकूही येत नसे. लिओने तेच चार सूर गळ्यात अडकवता येतील अशा वाद्यावर आणले आणि त्यावर गिटारीप्रमाणे पडदे बसवले, म्हणजे सूर अचूक लागावा. न्यायाने सांगायचे तर विजेवर चालणारा, पडद्यांचा बेस सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच बनवला होता, पण तो फारसा खपला नाही.

बेस झाला, पण त्याचा आवाज बाहेर काढणार कशातून? गिटारच्या छोट्या डब्यात खर्ज घातला की स्पीकर फडफडे. म्हणून १९५२ साली लिओने बेसमन नावाचा डबा काढला, त्यात पंधरा इंची एक स्पीकर होता. आमच्या मामांच्या दुकानातल्या डब्याचा हा पणजोबाच. पुढे १९५४ च्या अखेरीपासून त्याने एकाऐवजी दहा इंची चार स्पीकर घातले, आणि १९५०ची शेवटची दोनतीन वर्षे जो बेसमन निघाला त्याची ताकद सुमारे चाळीस वॅट होती. आता गंमत पाहा. हा डबा ज्या कामासाठी केला त्या कामात तो डावाच निघाला. बेस जोरात वाजवला की ते कागदी स्पीकर दम टाकत, फाटतही. पण कोणी त्यात साधी गिटार लावली आणि लोक चकित झाले.

असे का व्हावे, हे मी मामांकडून समजून घेतले. वॉल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम दिले तर तो आवाज आणखी मोठा करू शकत नाही. तो लाटेचा माथा दाबून टाकतो, आणि त्या दाबण्यातून मूळ सुराबरोबर त्याचे उपस्वर उमटतात. सूर फाटतो, पण फाटलेल्या कापडासारखा नव्हे. घोगऱ्या गळ्याच्या गवयाचा फाटतो तसा. बेससाठी म्हणून या डब्यात खालच्या सुरांना पुरेसे बळ ठेवलेले होते, त्यामुळे गिटारचा किरटेपणा जाऊन तिला अंग आले. माउथऑर्गन वाजवणाऱ्यांनाही हाच डबा आवडला. लिओला स्वतःला मात्र स्वच्छ, न फाटलेला आवाज प्रिय होता. आपल्या डब्याचा जो गुण जगाने डोक्यावर घेतला तो त्याच्या मते दोष होता.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवीत असे. त्याच्याकडे येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना फेंडरसारखा डबा हवा असे, पण अमेरिकेहून येणारा माल फार महाग. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांना घेऊन त्याने १९६२ साली बेसमनचीच मांडणी समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे भाग वापरून डबा बनवायला घेतला. त्याला बारा इंची चार स्पीकरांची बंद पेटी जोडली. त्यातून जो आवाज निघाला त्यावर पुढचे सारे रॉक संगीत उभे राहिले. नक्कल म्हणायचे तर ही नक्कलच आहे. पण भिवंडीत जन्मलेल्या मुलाने नकलेला नावे ठेवू नयेत; आमचे अर्धे वाण दुसऱ्याच्या नमुन्यावरून विणलेले असतात.

याच सुमारास कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा एक तरुण फेंडरचे डबे एकामागून एक जाळत होता. तो इतक्या जोरात वाजवी, की काहीच टिकेना. लिओ रागावला नाही. सहकारी फ्रेडी टाव्हारेस याला घेऊन तो त्याचा कार्यक्रम ऐकायला गेला, गर्दीत उभा राहिला आणि परत येऊन अधिक ताकदीचा संच बनवायला बसला. चरित्रातला हा प्रसंग मला कोट्यवधींच्या सौद्यापेक्षा मोठा वाटतो.

सौदाही सांगायला हवा. घशाच्या आणि नाकाच्या जुनाट संसर्गाने लिओ वर्षानुवर्षे आजारी होता. आपण फार जगत नाही असे त्याला वाटले आणि जानेवारी १९६५ मध्ये त्याने १ कोटी ३० लाख डॉलरना कारखाना सीबीएस या कंपनीला विकून टाकला. मग एका डॉक्टराच्या उपचाराने तो बरा झाला! खिशात पैसा, अंगात ताकद, पण स्वतःच्या नावाने गिटार विकायला बंदी. १९७० च्या दशकात त्याने म्युझिक मॅन या कंपनीसाठी नवा बेस बनवला. नंतर जुना सोबती जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर जी अँड एल ही कंपनी काढली. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी त्याने फिलिस यांच्याशी लग्न केले. त्याला कंपवात जडला होता, तरीही तो कामाच्या बाकावर जातच राहिला. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्ये तो वारला.

आमच्या डब्यात वॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत; म्हणून आमचा आवाज लिओच्या डब्याचा नव्हे, हे कबूल केले पाहिजे. आमच्याकडे जे घडले त्याचे कारण साधे आहे. पंधरा इंचांचा जड कागद उंच सूर नीट हलवू शकत नाही. तो ते गाळतो आणि खालचे पुढे आणतो. पण त्या गाळण्याचे मोल आमच्या घरी वेगळे झाले. मागाच्या खडखडाटाने कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी आधी मरतात त्या उंच सुरांच्या. वडिलांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आईची हाक येत नाही, ट्रक मात्र येतो. त्या रात्री मामांनी तो डबा आमच्या ओट्यावर आणला आणि दादा नेहमीचीच चाल घोळवू लागला. आत जेवत असलेले वडील ताट तसेच ठेवून दारात आले. ही चाल कधी बसवलीस, असे त्यांनी दादाला विचारले. दादा ती चार वर्षे वाजवतो आहे.

डबा पार्टीने हप्त्यावर घेतला. मामांनी एकच अट घातली आहे, की त्यात पुन्हा बेस लावायचा नाही. कागदाला एका कडेने चीर गेली आहे, ती त्यांनी मलमल आणि डिंक लावून बुजवली आहे.