पोटाची हालचाल दाखवणारे वॉल्टर कॅनन

शेळीने रवंथ सोडला की आपल्याकडची जाणती माणसं तिच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरतात. मिनिटाला एक-दोनदा आतलं कोटीपोट मुठीला उचलतंय असं लागलं, म्हणजे ठीक. लागलं नाही तर पशुवैद्यकाला बोलवायचं. पण जिवंत जनावराचं पोट आत कसं हलतं, हे कातडीला धक्का न लावता ज्यांनी अगदी सुरुवातीला पाहिलं, त्यांत वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांचं नाव मोठं आहे.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, प्रेरी दु शीन या गावी झाला. वडील रेल्वेत होते. वॉल्टर दहा वर्षांचा असतानाच आई गेली. चौदाव्या वर्षी वडिलांनी शाळेतून काढून त्याला रेल्वेच्या कचेरीत कामाला लावलं. दोन वर्षांनी पोरगा परत शाळेत बसला आणि १८९२ मध्ये थेट हार्वर्ड विद्यापीठात पोचला.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीत रॉन्टजेन यांनी १८९५ साली लावला. पुढच्याच वर्षी कॅनन वैद्यकीच्या पहिल्या वर्गात होते. त्यांचे प्राध्यापक बोडिच यांनी सुचवलं की, हे किरण अन्न कसं उतरतं ते बघायला वापरून पाहा. अडचण अशी की, क्ष-किरणांत हाड दिसतं, पण पोटासारखा मऊ अवयव दिसत नाही. म्हणून खाण्यातच बिस्मथची भुकटी मिसळायची. ती किरण अडवते आणि अन्नाची काळी सावली पडद्यावर उमटते. आधी कुत्र्याला गुंडी गिळायला लावली, मग लांब मानेच्या हंसाला घेतलं आणि त्यानंतर मांजरांना. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसून कॅनन पडद्यावरची सावली कागदावर उतरवून घेत. पोटाच्या मध्यापासून लाटा उठतात, दर दहा सेकंदांना एक, आणि अन्न पुढच्या टोकाकडे ढकललं जातं, हे त्यांनी पाहिलं.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. काही मांजरांच्या पोटात लाटाच उठेनात. विशेषतः बोके धडपडत आणि त्यांचं पोट स्तब्ध राही. शांत मांजरीच्या पोटात लाटा चालू असत. पण ती चिडली की त्या बंद. नाकातोंडावर बोट ठेवून श्वास थोडा अडवला तरी बंद, आणि बोट काढून मांजर शांत झालं की पुन्हा सुरू. दुखणं नाही की विष नाही, नुसत्या भीतीने आणि रागाने पचन थांबतं! बाजाराला नेलेली, कुत्र्यांनी भेदरवलेली शेळी परत आल्यावर चाऱ्याला तोंड का लावत नाही, ते इथे बघा.

हे निरीक्षण १८९८ साली प्रसिद्ध झालं, पण कॅनन यांनी पाठ सोडली नाही. १९११ मध्ये त्यांनी मांजरासमोर कुत्रा भुंकवला आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात मूत्रपिंडालगतच्या ग्रंथीचा स्राव वाढतो हे दाखवलं. त्याच स्रावाने छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात आणि पोट थांबतं. यावर त्यांचं पुस्तक १९१५ ला आलं. हार्वर्डमध्ये ते १९०६ पासून १९४२ पर्यंत प्राध्यापक होते.

कॅनन यांच्या कामात शेळी आली नाही, हे खरं. तिच्या चार कप्प्यांच्या पोटाकडे क्ष-किरण वळवले ते युरोपातल्या संशोधकांनी, १९२० च्या दशकात. आता तर पोटावरचे केस काढून, सोनोग्राफीचं यंत्र नुसतं टेकवलं की जाळीपोट आकसताना दिसतं. त्यात किरणांचा प्रश्नच येत नाही.

कॅनन यांच्या वेळी तो प्रश्न कोणालाच पुरता कळला नव्हता. उघड्या नळीजवळ बसून बसून त्यांचे हात भाजले. पुढे कातडीचा असाध्य विकार जडला. अंगाला सतत खाज सुटे, तरी काम चालूच होतं. हा आजार तरुणपणीच्या त्या अंधाऱ्या खोलीतूनच आला असं मानतात. १ ऑक्टोबर १९४५ रोजी, चौऱ्याहत्तरी पुरी व्हायला अठरा दिवस असताना, ते वारले.