परळमध्ये सापडलेल्या एका जीवनसत्त्वाने कॅन्सरच्या पेशीचं दार कसं दाखवलं?

१९२८ सालची मुंबई. केळशी-दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतचा कोकणी माणूस पोटासाठी गिरण्यांत आलेला. याच मुंबईत गरोदर कामगार बायकांना एक विचित्र ॲनिमिया गाठत होता. तांबड्या पेशी कमी व्हायच्या, उरलेल्या आकाराने फुगायच्या. अनेकींचा जीव जायचा.

याचा छडा लावायला इंग्लंडहून डॉ. लुसी विल्स आल्या. जन्म १८८८ चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून पुढे डॉक्टर झालेल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम सुरू केलं. रोग जंतूंचा नाही, ताटातला आहे असा त्यांचा संशय होता. तसाच निकृष्ट आहार देऊन ठेवलेलं एक माकड मरायला टेकलं, तेव्हा त्यांनी त्याला मार्माइट चारलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, पावाला लावून खायचा स्वस्त पदार्थ. माकड उठून बसलं! मग बायकाही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे छापून आलं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तेच आजचं फॉलिक ॲसिड.

पेशीला दुप्पट व्हायचं तर फॉलिक ॲसिड लागतं आणि कॅन्सरच्या पेशी तर सारख्या दुप्पट होत असतात. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशीची वाढ अडवणारी औषधं बनवली. १९४७ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. काही मुलं काही महिने सावरली. त्याच वर्षी विल्स लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्या. याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

पण अडचण अशी, की हे औषध रक्तातून सगळीकडे फिरतं. तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात. गाठीसाठी डोस वाढवावा तर पेशंटच खचतो.

तोडगा पुन्हा फॉलिक ॲसिडपाशीच सापडला. अंडाशयाच्या अनेक गाठींवर ते आत ओढणारी दारं, म्हणजे रिसेप्टर, खूप जास्त असतात. त्या दारालाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीवर विष बांधून पाठवायचं. असं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. विल्स १९६४ मध्येच गेल्या होत्या.

हे औषध सरसकट चालत नाही. आधी गाठीचा तुकडा तपासतात. दारं भरपूर दिसली तरच देतात. डोळ्यांना त्रास मात्र होऊ शकतो.