सोलापूरचे शेठ आणि कुर्ल्याची ‘फॉरेन’ गाडी

लोणी स्टेशन चौकात कॉलेजच्या बसची वाट बघत तुम्ही उभे राहिला असाल, तर समोरून काय काय जातं ते तुम्हाला पाठ असेल. तेल डेपोकडे वळणारे टँकर, उसाच्या ट्रॉल्या, सोलापूरची एसटी, आणि लेन वगैरे न मानणाऱ्या दुचाक्या. पण अधूनमधून एखादी जुनी फियाट येते आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. गाडी कोणती ते निम्म्यांना माहीत नसतं, तरी रील मात्र होते.

मागच्या महिन्यात अशीच एक गाडी गेली आणि चहाच्या टपरीवर दोन आजोबांची जुंपली. एकाचं म्हणणं, गाडी असावी तर जुनी अमेरिकन, डॉज किंवा प्लिमथ. पत्रा असा की टोचा मारला तरी वाकणार नाही. दुसऱ्यांच्या मते ती सगळी पेट्रोल पिणारी धुडं. खरी भरवशाची ती इटलीची फियाट. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं : फॉरेनची गाडी ती फॉरेनची!

घरी येऊन मी शोधाशोध केली आणि गंमत कळली. दोघं ज्या गाड्यांवरून भांडत होते, त्या दोन्ही मुंबईत कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या. आणि तो कारखाना काढणारा माणूस आपल्याच रस्त्याचा. तुम्ही चौकात उभे असता तो रस्ता पूर्वेला साधारण सव्वादोनशे किलोमीटर सरळ धरला की सोलापूर येतं. तिथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला.

डिग्री अर्धवट, डोकं पूर्ण

घर गुजराती जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वालचंद आधी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी काही पूर्ण केली नाही. घरच्या पेढीत बसले, तिथेही मन रमलं नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) मग त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते, त्यामुळे रेल्वेची कंत्राटं कशी निघतात, काम कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं. वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचं काम घेतलं आणि तिथून गाडी रुळावर आली.

पुढे कामं मोठी होत गेली. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं. म्हणजे पुढच्या वेळी डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना बोगद्यात नेटवर्क गेलं, की त्यांची आठवण काढायला हरकत नाही. १९२६ साली उभी राहिलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही त्यांचीच. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला ती हीच कंपनी. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर त्यांनी साखर कारखाना आणि त्याच्याभोवती एक अख्खं गाव उभं केलं, तेच आजचं वालचंदनगर. मालेगावजवळच्या रावळगावलाही शेती आणि साखर त्यांचीच. शाळेबाहेर चघळलेली रावळगावची गोळी तिथली.

एवढ्यावर थांबले असते तरी ते श्रीमंत म्हणून जगले असते. पण ब्रिटिश कंपन्यांनी जिथे पाटी लावून जागा अडवलेली, नेमकं तिथेच घुसायची त्यांना खोड होती. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांना घेऊन त्यांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून असतो ना, त्याचं कारण ही बोट. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण ती तगली.

मोटारीचा हट्ट

आता मोटारीकडे येऊ. १९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण भारताच्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता, फोर्डही इथे होती. पण हे कारखाने म्हणजे जोडणीचे. परदेशातून सुटे भाग पेट्यांमधून यायचे, इथे नटबोल्ट आवळायचे, की झाली गाडी तयार. शिकायला मिळायचं ते फक्त पाना फिरवायला.

सर विश्वेश्वरय्यांनी भारतात मोटारीचा पूर्ण कारखाना काढायची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलली आणि अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणं फिसकटलं, क्रायस्लरशी जमलं. १९४० मध्ये करारही झाला. पण महायुद्ध सुरू होतं आणि दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने पाठिंबा द्यायचं नाकारलं. विचार करा, सैन्याला ट्रक हवेत, माणूस कारखाना काढायला तयार आहे, तंत्रज्ञान द्यायला अमेरिकन कंपनी तयार आहे, तरी नाही.

दुसरा कुणी गप्प बसला असता. वालचंदांनी त्याच काळात विमान प्रवासात भेटलेल्या विल्यम पॉली या अमेरिकन माणसाला हाताशी धरलं, म्हैसूर सरकारला भागीदार केलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. आज आपण ज्याला एचएएल म्हणतो, ते त्याचंच पुढचं रूप. १९४२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीचीही पायाभरणी झाली. मोटारीचा नंबर मात्र शेवटी लागला : १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिली वाहनं बाहेर पडली.

ती वाहनं अमेरिकन होती. ट्रक डॉजचे, मोटारी डॉज, डिसोटो आणि प्लिमथच्या. पुढे आलेल्या डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय म्हणजे नावं तीन, पण गाडी जवळजवळ एकच. पुढची जाळी आणि बिल्ले तेवढे वेगळे. सुरुवातीला इथेही पेट्या फोडून जोडणीच चालायची. फरक एवढाच, की वालचंदांना तिथे थांबायचं नव्हतं. एकेक भाग इथेच बनवायला घ्यायचा, हा इरादा पक्का होता.

मग जिंकलं कोण?

आता त्या दोन आजोबांच्या भांडणाचा निकाल लावू. अमेरिकन गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन साडेतीन लिटरच्या आसपासचं, संथ फिरणारं, कधी घाई नाही. म्हणून ते झिजायचंही सावकाश. पहिले आजोबा इथपर्यंत बरोबर. पण ती गाडी ज्या देशासाठी बनली, तिथे रस्ते रुंद आणि पेट्रोल स्वस्त. आपल्याकडे दोन्ही नव्हतं. पुढे तिचे भागही मिळेनासे झाले.

१९५० च्या सुमारास प्रीमियरने फियाटचा हात धरला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचं धोरण ठरलं : इथे भाग बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणी करणार असाल तर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघाल्या. प्रीमियर राहिली. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली : इंजिन १०८९ सीसी, वजन नऊशे किलोच्या आत. बाप, आई, तीन मुलं आणि टपावर वळकटी, एवढा संसार तिने ओढला. १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं, राणी पद्मिनीवरून. म्हणजे मूळ इटलीचं, गाव कुर्ला आणि नाव राजस्थानी!

मग दुसरे आजोबा जिंकले? थांबा. बोरघाटात बॉनेट उघडून, रेडिएटर थंड व्हायची वाट बघत उभ्या असलेल्या फियाटही त्यांच्याच पिढीने पाहिल्यात. ती भरवशाची वाटायची याचं एक कारण असं, की ती बंद पडली तर यवत असो वा भिगवण, कुठलाही मिस्त्री ती चालू करून द्यायचा. दशकानुदशकं गाडी फारशी बदललीच नाही, त्यामुळे भाग मिळायचे आणि हातांना सवय झालेली. आणि दुसरं कारण, पर्यायच नव्हता. बाहेरून तयार गाडी आणायला बंदी, देशात बनवणारे दोन-तीनच, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. इतकी वाट बघून मिळालेल्या गाडीला नावं कोण ठेवणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा फियाटवर जीव टाकणारी हीच मंडळी तिच्या रांगेत उभी राहिली.

मला या सगळ्यात चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. १९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला, लवकरच ते कामातून बाजूला झाले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला गेले. फियाट ११०० कुर्ल्याच्या गेटमधून बाहेर पडली ती पुढच्या वर्षी. ज्या गाडीमुळे त्यांचा कारखाना घराघरात पोचला, जी पुढे मुंबईची काळी-पिवळी झाली, ती त्यांनी रस्त्यावर धावताना पाहिलीच नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर सत्तर वर्षांनी.

त्यांचा हट्ट पूर्ण झाला का? अर्धा झाला. मोटारीचे भाग इथे बनू लागले, आपले हजारो कामगार आणि मिस्त्री तयार झाले. पण आपली, आपण डोक्याने काढलेली गाडी कुर्ल्यातून आली नाही; परवान्यावर घेतलेल्या परदेशी गाडीलाच आपण नाव देत राहिलो. बंद बाजारात तिला सुधारायची कुणाला घाईही नव्हती. हा दोष वालचंदांचा म्हणता येणार नाही, पण जुन्या गाडीचे गोडवे गाताना तो विसरूनही चालणार नाही.

तर आता एक करा. या रविवारी घरातल्या आजोबा-आजींना विचारा, घरात किंवा शेजारी पहिली मोटार कोणती आली, नंबर लावून किती वर्षं थांबावं लागलं, आणि ती कुठे कुठे बंद पडली. ते अर्थातच फॉरेनची गाडी म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा, की ती कुर्ल्याची होती आणि तिचे शेठ आपल्या सोलापूर रस्त्याचे.