वेगाच्या देवाचा नैवेद्य

मोटारसायकल म्हातारी होऊ लागली, की तिचे पहिले दुखणे चालवणाऱ्याच्या तळहातांना कळते. एका ठरावीक वेगाला हँडल थरथरू लागते, आणखी थोडा वेग वाढवला तर डावी-उजवीकडे हिसके देते. मेकॅनिक पुढचे चाक अधांतरी करतो, फोर्कचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे हलवून पाहतो. आत टक-टक असा चाळा जाणवला तर कोन सेट गेला, छर्रे झिजले. मग चाकाचा आउट, आऱ्यांचा ताण, बेअरिंग, टायर असे एकेक तपासायचे. निदान होते, पंचाईत पुढेच असते. गाडी बनवणारी कंपनी बंद होऊन वर्षे लोटलेली असतात. जुना बाजार पालथा घातला तरी नेमका तो भाग मिळत नाही. बहुतेकांची जिद्द इथे संपते आणि गाडी भंगारात जाते.

पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला राहणाऱ्या एका माणसाची जिद्द मात्र इथे सुरू झाली. न मिळणारा भाग आपण स्वतः घडवायचा, एवढे एकच सूत्र धरून तो पन्नासएक वर्षे एकाच मोटारसायकलीपाशी बसून राहिला. त्याचे नाव बर्ट मन्रो.

न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल या गावी २५ मार्च १८९९ रोजी त्याचा जन्म झाला. जुळी बहीण जन्मतःच दगावली, हा वाचला. जवळच्या इडनडेल येथील शेतावर वाढताना घरातला सर्वांत वेगवान घोडा उधळत नेणे हा त्याचा आवडता उद्योग. पुढे ओटिरा बोगद्याच्या बांधकामावर त्याने काम केले, वडिलांच्या हाकेसरशी परत येऊन शेतीही केली. पण नांगराच्या मागे चालण्याचा वेग त्याला मानवणारा नव्हता.

१९२० साली त्याने एक नवी इंडियन स्काउट मोटारसायकल विकत घेतली. नाव इंडियन असले तरी तिचा आपल्या देशाशी संबंध नाही; अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड शहरी ती बनत असे. इंजिन ६०० सीसीचे आणि सर्वाधिक वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. त्या काळात हा वेग छाती दडपणारा होता. मन्रोला तो अपुरा वाटला. १९२६ पासून त्याने इंजिनात हात घातला आणि तो हात पुढे कधी बाहेर काढलाच नाही.

काही काळ तो शर्यती खेळला, महामंदीत मोटारसायकली विकल्या, दुरुस्त केल्या. दिवसा पोटाचे काम आणि रात्री स्काउट. पैसा बेताचा, म्हणून हत्यारेही घरची. मायक्रोमीटरच्या जागी चाकाची जुनी आरी. पिस्टन हवा तर धातू वितळवून जुन्या डब्यांत ओतायचा. सिलिंडरसाठी गॅसच्या बिडाच्या पाइपाचा तुकडा. कनेक्टिंग रॉड तर त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलमधून हाताने कोरून काढले. १९५३ साली इंडियनच्या कारखान्यातले उत्पादन बंद पडले आणि जगभरचे स्काउटमालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले, तेव्हा मन्रोला त्याची फारशी झळ लागली नसावी. त्याचा कारखाना त्याच्या शेडमध्येच होता.

घडवलेले सगळेच भाग टिकत नसत. पिस्टन फुटत, रॉड वाकत, कित्येक महिन्यांची मेहनत एका धावेत चुराडा होई. हे मोडके तुकडे त्याने फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर ते मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, अशा अर्थाची अक्षरे तिथे रंगवली. थट्टा तर त्यात होतीच. पण फुटलेला पिस्टन कुठून फुटला हे पाहूनच पुढचा कुठे जाड करायचा ते कळते. ती फळी हीच त्याची शाळा होती.

या नैवेद्यात काही गोष्टी मात्र फळीवर मांडता येण्याजोग्या नव्हत्या. मन्रो चार मुलांचा बाप होता. १९४७ साली पत्नीशी घटस्फोट झाला. नंतर त्याने नोकरी सोडली आणि एका गॅरेजमध्येच बिऱ्हाड केले. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला स्काउट. ध्येयवेड्या माणसांची चरित्रे लिहिताना आपण हा भाग घाईने ओलांडतो. ओलांडू नये. रात्र-रात्र शेडमध्ये दिवा जळत असतो तेव्हा घरात कुणीतरी वाट पाहत असते, आणि तो हिशेब कुठल्याच विक्रमाच्या नोंदीत धरला जात नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे विस्तीर्ण मिठाचे मैदान आहे. आटलेल्या प्राचीन सरोवराचा तो तळ. सपाट, पांढराशुभ्र, नजर पोचेल तिथवर. जगातले वेगवेडे तिथे आपापली वाहने पळवून पाहतात. मन्रो प्रथम गेला तो नुसता बघ्या म्हणून. त्याच सुमारास, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, त्याला छातीत दुखण्याचा विकार जडला होता. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले. अर्जदाराचे वय साठ, नोकरी नाही, प्रकृती नाजूक, तारण म्हणून चाळीस वर्षांची मोटारसायकल आणि कर्जाचे कारण मिठावर पळणे! असा अर्ज टेबलावर आला असता तर नामंजूर लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नसते. बँकेच्या नियमाने तेच बरोबर ठरले असते. आणि तरीही मी चुकलो असतो.

कारण १९६२ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, मन्रोने आपल्या गटात ताशी २८८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. १९६६ साली दुसरा. आणि १९६७ साली, गाडी सत्तेचाळीस वर्षांची आणि स्वार अडुसष्टचा असताना, इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवून त्याने एक हजार सीसीच्या गटात ताशी २९५ किलोमीटरच्या वरचा विक्रम नोंदवला. पात्रतेच्या एका धावेत तर तो ३०५च्या पुढे गेला होता.

पण आकडे सांगून भागत नाही. त्या वेगाला पुढच्या चाकाचे काय होते, हे सांगायला हवे. रेल्वे स्टेशनावर सामानाची ट्रॉली जोरात ढकलली, की तिचे पुढचे चाक फडफडू लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मोटारसायकलीचे पुढचे चाक असेच हँडलच्या आसामागे किंचित फरफटत चालते. म्हणून तर ते आपसूक सरळ होते. पण सरळ होताना ते थोडे पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले, आणि हा झोका विरण्याऐवजी वाढत गेला, तर त्याची थरथर होते. छर्रे सैल असतील, चाकात आउट असेल, तर ती लवकर सुरू होते. याहून वाईट म्हणजे सगळी गाडीच मागून-पुढून डुलणे. ते केवळ मोठ्या वेगाला होते आणि नवा कोन सेट घालून हटेलच असे नाही.

मन्रोने वारा कापण्यासाठी गाडीवर माशासारखे निमुळते कवच चढवले होते. अशा कवचाने वेग वाढतो, पण वाऱ्याचा रेटा वजनाच्या मध्याच्या पुढे पडला, तर तो गाडीचे नाक सरळ ठेवण्याऐवजी भलतीकडे वळवू पाहतो. शेपटी नसलेला पतंग गिरक्या घेतो, त्यातलाच हा प्रकार. उपाय दोनच: वजन पुढे न्यायचे किंवा शेपटीकडचा भाग वाढवायचा. म्हणजे हे एका झिजलेल्या भागाचे दुखणे नव्हते. सगळे भाग धड असताना त्यांचे एकमेकांशी न जुळण्याचे दुखणे होते. असले दुखणे जगातल्या कुठल्याही दुकानात बदलून मिळत नाही.

१९६७च्याच एका धावेत निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी डुलू लागली. एवढ्या वेगात ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. वाऱ्याचाच ब्रेक करावा म्हणून कवचात पोटावर पसरलेला हा म्हातारा उठून बसला. वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उपटून नेला. काही दिसेना. वाट दाखवणारी काळी रेघ केव्हाच बाजूला राहिली होती. रोवलेली एक पोलादी खूण जेमतेम काही इंचांनी चुकली. अखेर त्याने गाडी मुद्दाम आडवी पाडली. थोडेफार खरचटले, इतकेच. सुटे भाग घडवण्यात हयात घालवलेल्या माणसाला त्या क्षणी एकही सुटा भाग उपयोगी नव्हता. उपयोगी पडली ती तितकीच वर्षे मुरलेली समज.

१९७७ साली पक्षाघाताचा झटका आला आणि हातापायांचा मेळ गेला. आता आपल्याच्याने गाडी चालवणे नाही, हे त्याने ओळखले. पण यंत्रे आपल्या दक्षिण मुलखातच राहावीत, ही इच्छा होती. स्काउट आणि तिची जोडीदारीण व्हेलोसेट या दोन्ही गाड्या त्याने इन्व्हरकार्गिलच्या हेज यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी तो गेला. ई. हेज अँड सन्स या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, नट-बोल्ट, खिळे आणि हत्यारांच्या शेजारी त्याची गाडी लोक आजही पाहायला येतात. सुटा भाग न मिळालेल्या गाडीला शेवटचे घर मिळाले, ते हार्डवेअरच्या दुकानात. २००५ साली अँथनी हॉपकिन्स यांनी चित्रपटात त्याची भूमिका केली आणि त्याचे नाव जगभर झाले.

गोष्ट इथे संपायची. पण एक दुरुस्ती राहून गेली होती. १९६७च्या विक्रमाचा वेग मोजताना अमेरिकन मोटारसायकल संघटनेकडून आकडेमोडीत चूक झाली होती. ती कुणाच्या ध्यानात आली नाही. मन्रोच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, २०१४ साली, ती सापडली आणि विक्रमाचा आकडा ताशी १८३.५८६ मैलांवरून १८४.०८७ मैलांवर गेला. फरक अर्ध्या मैलाचा. बँकेत खातेवहीत पाच पैशांचा फरक आला तरी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसत असू. त्यामुळे त्या अर्ध्या मैलाची किंमत मला कळते.

चूक शोधली ती मन्रोच्या मुलाने, जॉनने. ज्या घरातून बाप उठून गॅरेजमध्ये गेला, त्या घरातल्या मुलाने बापाचे जुने आकडे काढले, पुन्हा तपासले आणि सैल राहिलेला तेवढा एक बोल्ट आवळून दिला.