नारायण मल्हार जोशी : गिरणीच्या चाळीतून जिनिव्हापर्यंत

गेल्या वर्षी २४ ऑक्टोबरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रदिनाच्या, जवळच्या रविवारी आम्ही मल्हारगंजातील शब्बाथशाळेच्या मोठ्या मुलांपुढे जागतिक संघटनेविषयी चार शब्द बोललो. आमसभेत १९३ राष्ट्रे, प्रत्येकाला एक मत. सुरक्षा परिषदेत १५ सभासद, त्यांपैकी पाचांना नकाराधिकार. असे सर्व फळ्यावर लिहून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले की, इतक्या दूर भरणाऱ्या या सभांतून कधी एखाद्या गरिबाच्या घरात काही येऊन पोहोचले आहे काय? तिचे आजोबा इंदूरच्या गिरणीत मागावर काम करीत असत. त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर नारायण मल्हार जोशी यांची आठवण झाली, आणि वर्गात जे सांगायचे राहून गेले ते येथे सांगत आहोत. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ते उपयोगी पडेल अशी आशा आहे.

नाव आमच्या मुलांच्या सहज लक्षात राहील. मल्हारराव होळकरांच्या नावाची पेठ ती मल्हारगंज, आणि हे नारायण मल्हार. दोहोंचा संबंध काही नाही; पण मुलांना एवढा धागा पुरतो.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, गोरेगाव येथे झाला. पुण्यास शिक्षण घेऊन ते पदवीधर झाले व काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. या समाजाच्या सभासदाने पैसा मिळविण्याच्या मागे न लागता साधेपणाने राहून देशसेवा करावयाची असे. जोशी तसेच राहिले. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. तिच्यामार्फत गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे चालत. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसे निजतात, पगाराच्या दिवशी पठाण सावकार कोठे उभा असतो, बाळंतीण किती दिवसांत पुन्हा खात्यात येते, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. आमच्या मते त्यांच्या पुढच्या सर्व कामाचे मूळ येथे आहे.

१९१९ साली पहिले महायुद्ध संपून व्हर्सायचा तह झाला. त्या तहाने राष्ट्रसंघ निर्माण केला, आणि त्याच्याच तेराव्या भागाने आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निर्माण केली. हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता. तरी तहावर त्याच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या झाल्या आणि तो दोन्ही संस्थांचा मूळ सभासद झाला. ज्या देशाला स्वतःचे सरकार नाही त्याला राष्ट्रांच्या पंक्तीत पाट मिळाला, ही विचित्र गोष्ट होती खरी. ब्रिटनला आपल्या बाजूचे एक मत वाढवून मिळाले असे पुष्कळांनी तेव्हाही म्हटले.

परंतु मजूर संघटनेची घडण अशी होती की, ते मत सर्वस्वी सरकारच्या मुठीत राहू शकत नव्हते. हाच भाग शिक्षकांनी मुलांना सावकाश समजावून सांगावा. राष्ट्रसंघात काय किंवा आजच्या आमसभेत काय, राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणजे सरकारचा प्रतिनिधी. मजूर परिषदेत मात्र प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात : दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. चौघेही आपापले मत स्वतंत्रपणे देतात. एकाच देशाचा कामगार प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरुद्ध उभा राहून मत देऊ शकतो, आणि ते मोजले जाते. राज्यकर्त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याइतकेच वजनाचे मत देण्याचा हक्क गिरणी कामगाराच्या माणसाला दुसऱ्या कोणत्या सभेत होता?

या संघटनेची पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टन येथे भरली. हिंदी कामगारांच्या वतीने जोशी तेथे गेले. त्यांना कामगारांनी निवडले नव्हते, सरकारने नेमले होते, हे लपविण्याचे कारण नाही. तहाचा नियम असा होता की, कामगारांचा प्रतिनिधी त्या देशातील सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने नेमावा. पण अखिल हिंदुस्थानची अशी संघटनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती उणीव सर्वांना बोचली. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. म्हणजे वॉशिंग्टनला खुर्ची आधी मिळाली, आणि त्या खुर्चीवर बसावयास कोणाला पाठवावे हे ठरविण्यासाठी घरची संघटना मागून जन्मास आली. तिच्या स्थापनेची कारणे आणखीही होती, परंतु हे एक मोठे कारण होते.

महिनाभर चाललेल्या त्या परिषदेत सहा करार मंजूर झाले. पहिला करार आठ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा यांचा. हिंदुस्थानासाठी त्यात वेगळे कलम घातले गेले आणि येथे साठ तासांचा आठवडा ठरला. इतरांना अठ्ठेचाळीस आणि आम्हांला साठ, हे वाचून आजही मनाला लागते. पण त्या वेळचा आमचा कायदा काय होता तेही पाहिले पाहिजे. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाकडून दिवसाला बारा तास काम घेता येत असे, आणि नऊ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला खात्यात लावता येत असे. नऊ वर्षांचे मूल म्हणजे आमच्या शब्बाथशाळेच्या मधल्या वर्गातले मूल.

मग करार झाला म्हणजे काय झाले? येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. परिषदेत दोन तृतीयांश मते पडली म्हणजे करार तयार होतो. परंतु तो कोणत्याही देशावर आपोआप बंधनकारक होत नाही. संघटनेजवळ फौज नाही, पोलीस नाहीत. सभासद राष्ट्रावर बंधन एवढेच की, ठराविक मुदतीत तो करार आपल्या कायदेमंडळापुढे किंवा योग्य त्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला पाहिजे. राष्ट्राने त्यास मंजुरी दिली तर मात्र त्याप्रमाणे कायदा करावा लागतो, अंमलबजावणीचा अहवाल जिनिव्हाला पाठवावा लागतो, आणि तेथील मंडळी तो तपासून जाब विचारतात. म्हणून करार करणाऱ्या सभेत बसणारा माणूस जितका महत्त्वाचा, तितकाच तो कागद घरी आणून सरकारच्या पाठीस लागणारा माणूस महत्त्वाचा.

जोशी हे दोन्ही होते. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक होत गेली व सुमारे पंचवीस वर्षे ते तेथे बसले. १९२१ सालीच हिंदुस्थानने तासांच्या करारास मंजुरी दिली, आणि १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे साठ तास व मुलांचे किमान वय बारा वर्षे ठरले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत चोपन्न तास झाले. १९४६ साली अठ्ठेचाळीस. सत्तावीस वर्षे लागली, पण वॉशिंग्टनचा मूळ आकडा अखेर येथे आला.

आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगतो. १९२१ च्या जिनिव्हा परिषदेने आठवड्यातून एक दिवस, सलग चोवीस तास, विसाव्याचा करार केला आणि हिंदुस्थानने १९२३ साली त्यास मंजुरी दिली. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून झगडून १८९० साली ती मिळविली होती. रविवारी सकाळी आपण उपासनेस निर्धास्त जातो, त्या सुटीमागे कामगारांचे एवढे श्रम आहेत हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे?

जोशी यांचे स्वदेशातील काम येथे थोडक्यातच सांगता येईल. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव त्यांनी १९२१ साली कायदेमंडळात आणला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या गिरणी कामगारांच्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे ते अध्यक्ष होते. ट्रेड युनियन काँग्रेसचे ते १९२५ ते १९२९ सरचिटणीस होते. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात सरकारच्या मजूर कमिशनवर व जिनिव्हाच्या परिषदेवर बहिष्कार घालावा असा पक्ष प्रबळ झाला, तेव्हा जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांना मवाळ म्हटले गेले, सरकारचा माणूसही म्हटले गेले. आम्हांला त्यांच्या टीकाकारांचे सर्व म्हणणे खोटे वाटत नाही. नेमलेल्या माणसाला मर्यादा असतातच, आणि विनंतीने जे मिळत नाही ते संपाने मिळते हे जोशींनीही पाहिले होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात ते स्वतः कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर काम करीत होते. पण जिनिव्हाची खुर्ची रिकामी ठेवल्याने कामगारांचे मत तेथे पडतच नाही, एवढे त्यांना स्पष्ट दिसत होते. पुढे फूट मिटली आणि १९४० ते १९४८ ते पुन्हा सरचिटणीस झाले.

आता इंदूरची गोष्ट, कारण मुलीचा प्रश्न इंदूरच्या घराचा होता. मालवा मिल १९०९ साली निघाली. त्यानंतर हुकुमचंद मिल व इतर गिरण्या निघाल्या. पण जिनिव्हाच्या करारांना मंजुरी दिली जाई ती ब्रिटिश हिंदुस्थानापुरती. संस्थाने त्या बंधनाच्या बाहेर. तहावर सही एका संस्थानिकाची, आणि संस्थानातल्या कामगाराला त्या तहाच्या फळाचा हक्क नाही! होळकर सरकार आपल्या इच्छेने जे नियम करील ते खरे. संस्थाने विलीन होऊन १९४८ साली मध्यभारत राज्य झाले, त्यानंतर मुंबईच्या आणि इंदूरच्या कामगाराला एकच कायदा लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा आजोबांनी मागावर ज्या आठ तासांच्या पाळ्या केल्या, त्या पाळीचा हिशेब वॉशिंग्टनपासून निघाला होता, असे त्या मुलीला आता आम्ही सांगू. त्या गिरण्या आज उरल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न २०२३ च्या डिसेंबरपर्यंत चालला.

मजूर संघटना मात्र टिकली. राष्ट्रसंघ दुसऱ्या महायुद्धात कोसळला, पण ही शाखा वाचली व १९४६ साली संयुक्त राष्ट्रांशी संलग्न झालेली पहिली विशेष संस्था ठरली. आज तिची १८७ सभासद राष्ट्रे आहेत. बालमजुरीविषयीचे तिचे दोन मुख्य करार भारताने २०१७ साली मंजूर केले. संघटना स्वातंत्र्याच्या व सामुदायिक वाटाघाटीच्या करारांना, जे जोशींना सर्वांत जवळचे वाटले असते, भारताने अद्याप मंजुरी दिलेली नाही.

जोशी यांचे ३० मे १९५५ रोजी निधन झाले. मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्या एका हरलेल्या कामाचा उल्लेख राहिला. वॉशिंग्टनच्या सहा करारांतील एक बाळंतिणींविषयी होता : प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजा, आणि त्या काळात निर्वाहाची सोय. हिंदुस्थान सरकारने तो मंजूर केला नाही. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात स्वतःच तसे विधेयक आणले. ते मतांनी पडले. १९२९ साली मुंबई प्रांताने आपल्यापुरता कायदा केला, मग इतर काही प्रांतांनी. सबंध देशासाठी प्रसूती लाभ कायदा १९६१ साली झाला, जोशी गेल्यानंतर सहा वर्षांनी. त्यात रजा ठरली ती बारा आठवड्यांची.