तीस वर्षांनी अंगावर आलेला झगा
कॉर्नेलिया सोराबजी यांचा जीवनपरिचय

निकाल लागून पदवीदान समारंभांचे दिवस सुरू झाले की वर्तमानपत्रांतून दरवर्षी तीच छायाचित्रे येतात. काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेले प्रमाणपत्र आणि शेजारी डोळे भरून आलेले आईवडील. विद्यार्थी मित्रांनो, हा झगा आज आपल्याला सहज मिळणारी वस्तू वाटते. भाड्याने आणायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत करायचा! पण एका कर्तबगार स्त्रीला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा झगा अंगावर घालण्यासाठी तब्बल तीस वर्षे थांबावे लागले. त्या होत्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्माने नाशिकच्या, शिक्षणाने पुण्याच्या आणि काही काळ आपल्या गुजरातेत अध्यापन केलेल्या. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

आधी या झग्याविषयी थोडेसे. युरोपातील जुनी विद्यापीठे धर्मसंस्थेच्या आश्रयाने वाढली. तेथील गुरू आणि शिष्य बहुतेक धर्मोपदेशकांच्या वर्गातले. दगडी इमारतींत थंडी फार, म्हणून ते अंगात लांब झगा घालत आणि डोक्यावर टोपडे ओढून घेत. पुढे ऊब देण्याचे काम संपले, पण पोशाख राहिला आणि तो विद्वत्तेची खूण बनला. आज पदवीधराच्या पाठीवर जे रंगीत हूड रुळते, ते मूळचे डोके झाकण्याचे टोपडेच होय. त्याच्या रंगावरून आणि किनारीवरून पदवी कोणती ते ओळखता येते. आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि त्यांच्याबरोबर हा पोशाखही आला. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अर्थात ते सर्व पुरुष होते.

कॉर्नेलियांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती धर्मात आलेले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने वाढवले होते. या बाईंनी पुण्यात शाळा काढल्या. मराठी, गुजराती आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांना आपापल्या भाषेतून शिकता यावे, ही त्यांची धडपड होती. घरात मुली पुष्कळ, पण मुलगी म्हणून कोणाच्या शिक्षणात काटकसर झाली नाही. कॉर्नेलियांच्या एक बहीण डॉक्टर झाल्या, तर दुसऱ्या बहीण सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा स्थापन केली.

वकिलीचे बीज लहानपणीच पडले. आईकडे सल्ल्यासाठी अनेक स्त्रिया येत. त्यांत एकदा एक श्रीमंत विधवा आली. तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने विश्वासाने तिची सही घेतली होती आणि सारी मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली होती. पडद्यातली बाई, परपुरुषाशी बोलायचे नाही, मग वकिलाकडे जाणार कशी? अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असे आईने लेकीला सुचवले. ती गोष्ट कॉर्नेलियांनी मनात धरली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या दाखल झाल्या तेव्हा वर्गात दुसरी मुलगी नव्हती. काही विद्यार्थी त्यांच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत, असे त्यांनी पुढे आठवणींत नमूद केले आहे. त्या मात्र वर्गात जात राहिल्या. १८८८ साली त्या पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर, आणि तेही पहिल्या वर्गात! या यशामुळे इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालून यायला हवी होती. पण ती मिळाली नाही. कारण एकच, उमेदवार स्त्री होती. गुण होते, पात्रता होती, पण शिष्यवृत्ती फक्त पुरुषांसाठी होती.

त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य शिकवले. समोर सारे विद्यार्थी पुरुष, आणि शिकवणारी विशीतली तरुणी! इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी वर्तमानपत्रातून त्यांच्यासाठी आवाहन केले आणि वर्गणी जमली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. अशा रीतीने १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि सोमरव्हिल हॉलमध्ये राहू लागल्या. तेथे कायद्याचा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जाउएट यांनी त्यांना फार आधार दिला. ऑल सोल्स कॉलेजचे कायद्याच्या ग्रंथांनी भरलेले ग्रंथालयही त्यांच्यासाठी खुले झाले.

खरी अडचण परीक्षेच्या वेळी आली. बी. सी. एल. ही कायद्याची उच्च आणि अतिशय अवघड परीक्षा. स्त्रीची उत्तरपत्रिका तपासण्यासच एका परीक्षकाने नकार दिला. जाउएट आणि इतरांनी खटपट केली, तेव्हा विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना पुरुषांबरोबर बसण्याची परवानगी दिली. १८९२ साली त्या परीक्षेस बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा मिळाला, पण ही परीक्षा देणारी त्या विद्यापीठातील पहिली स्त्री हा मान त्यांचाच.

ऑक्सफर्डचा पदवीदान सोहळा शेल्डोनियन नावाच्या जुन्या सभागृहात होतो. सगळे विधी लॅटिन भाषेत चालतात. विद्यार्थी आपल्या पूर्वीच्या पोशाखात कुलगुरूंसमोर येतो. पदवी बहाल झाली की तो सभागृहाबाहेर जातो, नव्या पदवीचा झगा आणि हूड चढवतो आणि पुन्हा आत येऊन कुलगुरूंना अभिवादन करतो. बाहेर जाणारा विद्यार्थी आणि आत येणारा पदवीधर, यांत फरक दिसतो तो फक्त त्या कापडाचा. बी. सी. एल.चे हूड निळ्या रेशमाचे, पांढऱ्या फरची किनार असलेले. कॉर्नेलियांनी ते मिळवले होते, पण पांघरण्याची मुभा नव्हती. ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना शिकता येई, परीक्षाही देता येई. पदवी मात्र मिळत नसे.

१८९३ साली त्या पदवीशिवाय मायदेशी परतल्या. १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची एल. एल. बी. आणि १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. तरी सनद मिळेना, कारण स्त्रीला सनद देण्याची सोय नव्हती. संस्थानांतल्या दरबारांत मात्र त्यांनी काही प्रकरणे चालवली. त्यांतले एक चक्क एका हत्तीचे होते! हत्तीला इनाम दिलेले उत्पन्न बंद करण्यात आले होते. समोर न्यायाधीश म्हणून खुद्द राजा होता. आपल्या कुत्र्याला ही बाई आवडली म्हणून राजाने बाजू न ऐकताच निकाल त्यांच्या बाजूने दिला, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. आपल्याला हसू येते, पण असा न्याय त्यांना नको होता. त्यांना हवे होते ते कायद्याने चालणारे न्यायालय आणि त्यात उभे राहण्याचा हक्क.

१९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या आणि पडद्यातील स्त्रियांच्या जमीनजुमल्याची देखरेख करणारे हे सरकारी खाते. पुढे बिहार, ओरिसा आणि आसाम या भागांतही त्यांचे काम पसरले. आगगाडी, पालखी, होडी, मिळेल त्या वाहनाने त्या दूरदूरच्या वाड्यांत जात. जिथे पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नसे, तिथे त्या आत जाऊन बसत, कागद वाचून दाखवत आणि हक्क समजावून सांगत. सुमारे सहाशे स्त्रिया आणि मुलांना त्यांची मदत झाल्याचे सांगितले जाते. १९०९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. पुण्यातल्या त्या फसवल्या गेलेल्या विधवेचे ऋण त्या अशा रीतीने फेडत होत्या, असे आम्हाला वाटते.

काळ हळूहळू बदलला. १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले आणि त्यांच्यासाठी मऊ कापडाची वेगळी टोपी ठरवली. (केंब्रिजला मात्र पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले!) १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांना सनद दिली. १९२२ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२च्या परीक्षेची पदवी त्यांना रीतसर प्रदान झाली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. त्यांना साथ देणारे जाउएट १८९३ सालीच निवर्तले होते. १९२३च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीची दारे उघडली आणि पुढल्या वर्षी त्या कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.

त्यांची सर्व मते आपल्याला पटतील असे नाही. ब्रिटिश राज्यावर त्यांचा विश्वास होता आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो यांच्या मदर इंडिया या पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली. त्यामुळे देशात त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि अनेक सहकारी दुरावले. कदाचित म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्यांचे नाव फारसे येत नाही. थोर माणसांचे गुण घेताना त्यांच्या मर्यादाही माहीत असाव्यात, म्हणून हे सांगितले. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला राहिल्या. ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. २०१२ साली लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

हा झगा परकीय, आपल्या हवेला न मानवणारा, तो सोडावा, असा विचार आपल्याकडे बळावत आहे. २०१० साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या समारंभात तो जाहीरपणे उतरवला. अनेक विद्यापीठांत आता हातमागाचे भारतीय वस्त्र आले आहे. ते योग्यच आहे. वस्त्र कोणते असावे हे प्रत्येक पिढीने ठरवावे. पण ते कोणाला मिळावे आणि कोणाला नाही, हे कसे ठरते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मुलांनो, झगा मिळाला नाही म्हणून कॉर्नेलियांचे काम थांबले नाही, आणि काम चालू होते म्हणून त्यांनी झग्यावरचा हक्कही सोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवा. पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलीच्या उच्च शिक्षणाचा निर्णय घेताना फ्रान्सिनाबाईंची आठवण ठेवावी. आणि विश्वस्त मंडळींसह आपण सर्वांनी पारितोषिके आणि शिष्यवृत्त्यांचे जुने नियम अधूनमधून डोळ्यांखालून घालावेत. गुणवान मुलाला किंवा मुलीला दाराशीच अडवणारी एखादी ओळ त्यांत असेल, तर ती खोडायला तीस वर्षे लागू नयेत.